दादाचा आलेख आणि माझी सून

ती. दादास,

नमस्कार. (साष्टांग घालणार होते, पण कंबर वाकत नाही आणि आज मनही वाकायला तयार नाही.) तुझे गुडघे बरे असतील. वहिनीला आठवण सांग.

भूलतज्ज्ञाच्या परीक्षेला बसू पाहणाऱ्या माझ्या सूनबाईला तू पाठवलेला आलेख मी पाहिला. डॉक्टरकीच्या परवाना परीक्षेत ज्यांना कमी गुण, ते पुढे तज्ज्ञाच्या परीक्षेत जास्त नापास होतात, असं त्यातले ठिपके सांगतात. मान्य. संख्याशास्त्र मीही कॉलेजात शिकले आहे. पण आलेख घोळक्याबद्दल बोलतो, घरातल्या एका माणसाबद्दल नाही. तू परवाना परीक्षेत पहिला आलास आणि सर्जनच्या परीक्षेत दोनदा आपटलास. तुझा ठिपका त्यात कुठे बसतो ते जरा दाखव. आणि वर फोनवर, तिच्या परवाना परीक्षेतल्या कमी गुणांवरून, "असे गुण म्हणजे ही आत्ताच भूलतज्ज्ञ झाली की!" हा विनोद कशाला? भूल देणं वेगळं, भूलचूक करणं वेगळं. (भूल देणारे होते म्हणून तुझे पेशंट टेबलावरून पळाले नाहीत.)

तर तिची तयारी मी हातात घेतली. तोंडी परीक्षेच्या सरावासाठी स्वतः पेशंट होऊन जेवणाच्या टेबलावर आडवी झाले. (टेबल कुरकुरलं. मी लक्ष दिलं नाही.) तिने विचारलं, "आई, झोपेत घोरता का?" मी ठणकावून नाही म्हटलं. आतून तुझे मेहुणे ओरडले, "शेजाऱ्यांना विचार!" मग विचारलं, "कवळी आहे?" म्हटलं, "मुळीच नाही." तिने शांतपणे वाटी पुढे केली. "काढून ठेवा, घशात जाईल." (हे तिला कधीपासून ठाऊक होतं, देव जाणे.) तेवढ्यात टेबलाचा पाय निखळला आणि मी घसरले. तुझे मेहुणे धावले ते टेबल धरायला. हिने माझी मान धरली. याला कुठल्या परीक्षेत किती गुण असतात, कळव.

ती पुढच्या महिन्यात परीक्षेला बसणार आहे. हे विचारत नाही, कळवते आहे.

तुझी धाकटी बहीण

ता. क. बसणार हे मी ठरवलंय, तिने नाही. "मामा म्हणतात ते खरंच असेल," म्हणत तिने पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली आहेत.

ता. क. २. पुस्तकं मी खाली काढली. पण मी काही म्हटलं की ती म्हणते, "आई, तुम्ही घरच्या, तुम्ही असंच म्हणणार." तेव्हा 'बस परीक्षेला' एवढं तू तिला लिही, आजच. तिचा विश्वास तुझ्यावर आहे. मला पटत नाही, पण आहे.