साइलाने निवडलेले हातमोजे

आउने,

वेइक्कोचा उजवा हात ड्रिल मशीनमध्ये गेला. मी त्याच्याबरोबर अँब्युलन्समधून चाललोय. जीव वाचेल, पण बोटांचं काही खरं नाही.

फिरत्या मशीनवर हातमोजे घालू नकोस म्हणून रोज घसा फोडतो मी. पण बायकोने वाढदिवसाला दिलेत म्हणून गाढवाला ते काढवत नव्हते!

एक हातमोजा अजून ड्रिलला गुंडाळलेला आहे. साइला कामावरून यायच्या आत तो कापून काढ आणि दोन्ही सौनाच्या, वाफेच्या न्हाणीघराच्या, चुलीत जाळ. मोठी कात्री घे, साधीने कापला जात नाही. पोरीने दुकानं पालथी घालून सगळ्यात चिवट निवडले होते. साधे सुती असते तर टरकन फाटून हात सुटला असता.

तिने विचारलं तर सांग, त्याने हातमोजे घातलेच नव्हते.

एइनो