डाव्या डोळ्याची रेघ

जूचंद्र,
मंगळवार, १७ जून २०२५

लाडक्या जागृतीस,
काकाचे आशीर्वाद. तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसलो. बोळिंजचं नवं घर मानवलं ना? तुझी काकी बरी आहे. खाडीकडच्या शेतात भाताचा पेरा झाला.

ओळी वर-खाली गेल्या असतील तर समजून घे. साखरेमुळे माझ्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय. मार्चपासून दर महिन्याला डोळ्यात इंजेक्शन घेतोय. तीन झाली. सुईचं काही वाटत नाही, डोळा बधिर करतात. भीती उद्याची आहे. पहिल्या दिवशी स्कॅन बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "काका, असा स्कॅन असलेल्या दहा जणांपैकी साधारण सहांची सूज चांगली उतरते. तुम्ही त्या सहांत आहात का, हे आधी खात्रीने सांगता येत नाही. तीन इंजेक्शनांनंतर बघू."

ते बघणं उद्या. तीन महिने माझ्या डोक्यात सहा आणि चार एवढेच आकडे आहेत. सकाळी उठलो की डावा डोळा झाकून दाराची चौकट बघतो. कधी सरळ वाटते, कधी मध्येच वाकलेली. काकी ओरडते, "दार काय पळून जानार हाय का?"

एवढं लिहूनही मुद्द्यावर आलो नाही.

गेल्या दिवाळीचं रांगोळी प्रदर्शन. मासळी विकणाऱ्या बाईचं चित्र. चेहरा तू काढलास, लुगडं मी. लोक आले आणि म्हणाले, बाईचा डावा डोळा खाली घसरलाय. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "जागृतीचा हात अजून कच्चा आहे." तू हाताचा रंग झटकलास आणि निघून गेलीस.

लोक यायच्या आधी तू जेवायला गेलीस तेव्हा त्या डोळ्याला मीच हात लावला होता. मला तुझी रेघ वाकडी दिसली, म्हणून सरळ केली. तुझी रेघ बरोबर होती.

तेव्हा मला ठाऊक नव्हतं, असं लिहिणार होतो. ते अर्धंच खरं. माझी नजर बिघडलीय हे ठाऊक नव्हतं. हात मी लावला, हे ठाऊक होतं. तरी तुझं नाव घेतलं.

बुधवार, दुपार

सूज उतरली, पण थोडीच. मी चारांतला निघालो. आता औषध बदलून बघणार आहेत. मी विचारलं, "चेहरे काढता येतील?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "सूज गेली तरी नजर किती परत येईल, हे आज सांगणं कठीण आहे."

येताना आपल्या रांगोळी मंडळाच्या प्रितेशच्या दुकानात गेलो. मंडळातले चौघेपाचजण तिथेच बसले होते. म्हटलं, "त्या बाईचा डोळा मी बिघडवला, पोरीने नाही." प्रितेशने खुर्ची पुढे केली, पण मी बसलो नाही. बाहेर रिक्षात काकी पदराने डोळे पुसत होती.

पुढचं इंजेक्शन जुलैत. माझी दया येऊन येऊ नकोस. राग असेल तर तो घेऊन ये, दारात उभं राहून बोललीस तरी ऐकेन. नाहीच आलीस तर एवढं कर: बोळिंजला का होईना, रांगोळी काढत राहा.

माफी मागायला आठ महिने लावलेला,
तुझा शत्रुघ्नकाका