उजव्या दाराखालचा पत्रा

शिराळा
१ नोव्हेंबर २०२५

ती. दादास,
सा. न. वि. वि.

फोनवर तू विषय बदलतोस आणि मी हसून फसते, म्हणून पत्र. भाऊबीजेला तू ओवाळणीत दिलेल्या जीपने परवा माझ्या सासूबाईंचा पाय धरला. डाव्या दाराखालच्या पट्टीवर पाय देऊन चढायला गेल्या, तर पाय पत्र्यातून आत. नडगीला सहा टाके पडले. मनुबाईच त्या, दवाखान्यातसुद्धा म्हणाल्या की सुनेच्या म्हायेरची माणसं पाया पडत्यात ठावं हुतं, जीपबी पडती ह्ये आत्ता कळलं.

जीप पीरमहंमदचाचांच्या वेल्डिंगच्या दुकानात लावली आहे. चाचांनी पट्टीवर हातोडी वाजवली, तर रंगासकट पुट्टीचा पोपडा निघाला. ताई, ह्यो पत्रा न्हाई, पापड हाय, असं त्यांचं मत पडलं. हे तर भडकलेच. यांचं म्हणणं, तुमच्याकडच्या त्या लालासाहेब रंगाऱ्यानं साध्या मास्तराला फसवलं. तुला काही ठाऊक होतं का, ते कळव.

वहिनीला नमस्कार. लोभ आहे तो कोरडा ठेव, गंजेल.

तुझी धाकटी,
संयोगिता


मेढा
५ नोव्हेंबर

चि. सौ. संयोगितास,
अनेक शुभाशीर्वाद.

मनुबाईंच्या नडगीचं वाचून फार वाईट वाटलं. बाबांच्या मागे ती जीप चौदा पावसाळे आमच्या अंगणात तप करीत उभी होती, आणि मेढ्याचा पाऊस तू जाणतेस. लोहभस्म करायला दर वेळी वैद्य लागतोच असं नाही. संस्कृतात उंबऱ्याला देहली म्हणतात. गाडीच्या देहलीचा जीर्णोद्धार निघालाच आहे तर पौरोहित्याला मी येतो. दक्षिणा म्हणून तुझ्या हातचं पिठलं चालेल.

पुट्टीचं म्हणशील, तर ती कुठे कुठे भरली गेली असावी. लालासाहेब माणूस वाईट नाही, पण कारागिराच्या मनातलं आपल्याला काय कळणार? कृष्णातरावांनी इतकं मनाला लावून घेऊ नये.

माझे गुडघे वयाला शोभतील इतपत कुरकुरतात. तुम्हां सगळ्यांच्या लोभावर आमचं बरं चाललं आहे.

तुझा दादा,
नाथाजी


शिराळा
१० नोव्हेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

चाचांनी डावी पट्टी ग्राइंडरने कापली. आतल्या पोकळीतून पकडीने कागदाचे बोळे ओढून काढले. मी शेजारीच उभी होते. एक बोळा सरळ केला. तुझ्या शाळेतली आठवीची संस्कृतची उत्तरपत्रिका निघाली, आणि खाली तांबड्या शाईत तुझं अक्षर. वरवर लिहिले आहेस, पुन्हा लिही, असा शेरा आहे.

चाचांनी वाचलं. मग बाकीचे बोळे गोळा करून माझ्या पिशवीत टाकले आणि एवढंच म्हणाले की ताई, ह्ये तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या. ते आता धान्याच्या डब्यात आहेत. यांना दाखवलेले नाहीत.

हे येत्या रविवारी मेढ्याला निघालेत, लालासाहेबाला जाब विचारायला. यांच्या जुन्या पलटणीतले दोन मित्रही बरोबर येणार आहेत. मेव्हण्यानं ओवाळणीत गाडी दिली, हे यांनी अख्ख्या शिराळ्याला सांगितलंय, म्हणून राग जास्त.

चाचा विचारतात, उजवी बाजू उघडायची का. वरून ती झकास दिसते. हे म्हणतात, मास्तरांनी बगून घेतली असंल, उगं कशाला फाडायची. त्या बाजूने रोज मी चढते, दादा. दुधाचे कॅन भरून घाट उतरते. एका ओळीत कळव.

लोभाचं नंतर पाहू.

संयोगिता


मेढा
१२ नोव्हेंबर

रा. रा. कृष्णातराव यांसी,
सा. न. वि. वि.

उजवी बाजू उघडा. ती डावीपेक्षा वाईट आहे. संयोगिताने एकच ओळ मागितली होती, ती ही. पुढचं तुमच्यासाठी.

दिवाळीच्या आधी जीप लालासाहेबांकडे नेली, तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं होतं की दोन्ही पट्ट्या कापून नवा पत्रा जोडावा लागेल, पंधरा दिवस तरी हवेत. भाऊबीज आठवड्यावर होती आणि बहिणीला गाडी देणार हे मी शाळेत सगळ्यांना सांगून बसलो होतो. मी पुट्टी भरायला सांगितली. ते म्हणाले, मास्तर, त्ये माझ्या हातनं व्हनार न्हाई. मग मी जीप घरी आणली, जुन्या उत्तरपत्रिका कोंबल्या, वरून पुट्टी थापली आणि रंगापुरती परत त्यांच्याकडे नेली. त्यांनी पट्टीवर बोट वाजवलं, माझ्याकडे पाहिलं आणि रंग मारला.

मागच्या पत्रात मी संयोगिताला लिहिलं की पुट्टी भरली गेली असावी. मुलांनी असा कर्ता लपवला तर मी गुण कापतो. भरली मी. त्याच पत्रात लालासाहेबांवर संशय राहील अशी एक ओळही सोडली. हे पुट्टीहून वाईट.

जिला ओवाळणी घातली, तिच्याच पायाखाली मी रद्दी भरली. मनुबाईंची क्षमा कोणत्या शब्दांत मागावी ते सुचत नाही. शब्दांचा धंदा करूनही.

कागद तिने लपवले, ते मला वाचवायला. तिला बोलू नका. माझ्याबद्दलचा लोभ आवरता घेतलात तरी तक्रार नाही.

आपला,
नाथाजी


शिराळा
२१ नोव्हेंबर

ती. मास्तरांस,
कृष्णातचा रामराम.

मला तुमच्यासारखं लिहाय येत न्हाई. तुमचं पत्र शनवारी मिळालं. लालासाहेबाला मी बुधवारीच फोन करून तोंडाला यील त्ये बोललो हुतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं. तुमचं नाव काडलं न्हाई. आईला लागलंय का, एवढंच इचारलं.

रविवारी मी एकटाच मेढ्याला यष्टीनं येऊन त्याची माफी मागून गेलो. तुमच्या दारावरनंच गेलो, आत आलो न्हाई. मला त्या दिवशी तुमच्याशी नीट बोलाय जमलं नसतं. आता तुमी त्याच्याकडं जाऊन या. मग हिकडं या.

उजवी बाजू उघडली. तुमी लिवलं तसंच निगालं. एकदम लांब वेल्डिंग मारलं की पत्रा वाकतोय, म्हणून चाचा हितं एक ठिपका, तितं एक ठिपका, असं करत चार दिस बसलं हुतं. परत गंज धरू नये म्हणून आत तांबडा रंगबी मारलाय. संयोगितानं त्ये कागद चाचांच्या शेगडीत घातलं. एक ठिवलाय, शेऱ्याचा. का, त्ये तिलाच इचारा.

आईचं टाकं निगालं. तिला म्हाबळेश्वरला जायाचंय, आन् गाडी मास्तरांनीच चालवायची म्हणती. ती डावीकडनं चडंल. तुमी उजव्या दारानं चडा. पट्टीवर पाय दिऊन चडा, उडी मारून न्हाई.

लोभाचं तवाच बोलू.

कृष्णात