दोन हिसके की तीन

मी, रॉइस एल्डन पर्सेल, वय वर्षे शहात्तर, धंदा पूर्वी ट्रकदुरुस्ती व नदीतळ उपसायचे ड्रेजर बांधणे, सध्या काही नाही, राहणार ड्राय फोर्क, क्लामथ नदीकाठ, कॅलिफोर्निया, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो. कोणी माझ्या मानगुटीवर बसलेले नाही. दारू घेतलेली नाही, फक्त कॉफी. बुद्धी ठिकाणावर आहे. गोंधळ मात्र बराच आहे. वकीलबाई डोलन म्हणाल्या, "पर्सेलसाहेब, 'गोंधळ' हा शब्द काढा. उद्या कोर्ट म्हणेल, म्हातारा भ्रमिष्ट होता." मी म्हटले, "बाई, भ्रमिष्टाला आपला गोंधळ झालाय हे कळत नसतं. मला कळतं." त्यांनी हात टेकले. शब्द राहू दिला आहे. यापूर्वीची माझी दोन मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिसरेही लिहिले होते, ते सापडत नाही. सापडल्यास तेही रद्द.

कलम १. राहते घर, मागची शेड व नदीपर्यंतची जमीन माझी पुतणी शॉना हिला द्यावी. शॉना ही माझा धाकटा भाऊ लाइल याची मुलगी, दवाखान्यात परिचारिका आहे. चुलीच्या वर छत गळते. पातेले जिथे ठेवले आहे तिथेच ठेवावे, कारण बाकी सगळ्या जागा मी करून पाहिल्या आहेत.

कलम २. सोने. ते फ्रीजरमध्ये, हरणाच्या मांसामागे, लोणच्याच्या बाटलीत आहे. चाळीस वर्षे नदी उपसून बाटलीचा तळ जेमतेम झाकला गेला. गावाला वाटते, रॉइस सोन्यासाठी ड्रेजर बांधतो. खरे सांगायचे तर इंजिन, पंप आणि भंगारातल्या नळ्या जुळवून काहीतरी तरंगते करायचा मला नाद होता आणि सोने ही सबब होती. बाटलीही शॉनाला.

कलम ३. वेल्डिंगचा संच, पाने, करवती, ड्रिल हे गावच्या शाळेच्या कार्यशाळेला. बर्ल यान्सी याला यातले काहीही, अगदी एक स्क्रूसुद्धा देऊ नये. बर्ल हा माझा शेजारी. चौऱ्याऐंशी साली नळीचे तोंड मापाला म्हणून नेले, माझ्या ड्रेजरची नक्कल केली आणि पंपाची पाणी धरून ठेवणारी झडप उलटी बसवून ती नक्कल सॅक्रामेंटोच्या एका दंतवैद्याला विकली. दंतवैद्य तक्रार घेऊन माझ्या दारात आला. नळीचे तोंड अजून बर्लकडेच आहे. ते वसूल करून शाळेला द्यावे.

कलम ४. ड्रेजर. मी एकूण पाच बांधले. राज्याने नदीत हे यंत्र घालायला बंदी केली, तेव्हापासून नवा बांधलेला नाही. एक नंबरला गवत कापायच्या यंत्राचे इंजिन होते, तो उलटला. दोन नंबर उत्तम चालायचा, पण उचलायला चार माणसे लागायची आणि आम्ही भाऊ दोघेच. चार आणि पाच विकले. शेडमध्ये उरला आहे तो तीन नंबर. ट्रकच्या ट्यूबांवर तरंगतो, नळी नदीतळाची वाळू वर ओढते, ती पन्हळीतल्या जाजमावरून धुऊन जाते आणि जड ते मागे राहते. पाठीवर दोन खेपांत दरीत उतरवता यावा, असा तो बांधला. पंप आणि खालच्या माणसाला श्वासाची हवा, दोन्ही एकाच इंजिनावर. इंजिन बंद पडले तर चार श्वास शिल्लक राहावेत म्हणून मी अग्निशामकाच्या जुन्या नळकांड्याची टाकी लावली होती. शहाऐंशीच्या उन्हाळ्यात ती मी काढून टाकली. वीस पौंड वजन कमी झाले. लाइलला विचारले नव्हते. या कलमात कसलाही गोंधळ नाही, चूक माझी आहे.

कलम ५. हे मी तीनदा लिहिले आणि तीनदा खोडले. तीन नंबरचा ड्रेजर लाइलला द्यावा की नाही, हा प्रश्न आहे. आधी झाले ते लिहितो, म्हणजे वाचणाऱ्यालाही गोंधळात भागीदार करता येईल.

खाली नदीतळाशी लाइल असायचा, वर दोर धरून मी. दोन हिसके म्हणजे दोर सैल सोड. तीन हिसके म्हणजे इंजिन बंद कर. तीन अगदी अडल्याशिवाय द्यायचे नाहीत आणि द्यायचे ते छाती भरून श्वास घेतल्यावर, कारण इंजिन थांबले की हवा थांबली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमधली दुपार होती. हाताला दोराचा हिसका लागला. तीन वेळा लागला. मी इंजिन बंद केले. लाइल वर आला तेव्हा ओठ निळे, डाव्या कानातून रक्त. किती वेळाने आला ते सांगता येत नाही. काठावर ओणवा होऊन म्हणाला, "दोन दिले होते. दोन." मी म्हटले, "तीन होते."

त्यानंतर आम्ही एकमेकांशी बोललेलो नाही. त्याचे घर माझ्या घरापासून दगड फेकला तर पोचेल एवढ्या अंतरावर आहे. तो कान गेला, पाण्यात उतरणे संपले, उरलेली वर्षे त्याने शाळेची बस चालवली. गावात तो दोन सांगायचा, मी तीन. भाऊ तोंडातून पाणी ओकत होता आणि मी त्याच्याशी आकड्यावरून वाद घालत होतो, याची मला लाज वाटते. हे मी कोणापाशी बोललो नव्हतो.

गेल्या महिन्यात शॉनाला सांगून पाठवले, की ड्रेजर तुझ्या बापाच्या नावे करतोय. ती निरोप घेऊन आली. "बाबा म्हणतात, भंगार नको. मृत्युपत्रात 'दोन' असं लिही म्हणावं, बस झालं."

"आणि तुला काय वाटतं?" मी विचारले.

"मला वाटतं तुम्ही दोघं मेल्यावरसुद्धा थडग्यातून बोटं वर करून आकडे दाखवाल."

लिहायला बसलो. दोन हा शब्द लिहायला कितीसा वेळ लागतो. पण मृत्युपत्रात खोटे लिहावे कसे, आणि खरे काय ते ठाऊक आहे कुठे. शेवटी शॉनाला घेऊन नदीच्या त्याच वळणावर गेलो. ती कमरेइतक्या पाण्यात खाली दोर धरून, मी वर डोळे मिटून. तिने वीस वेळा हिसके दिले आणि काय दिले ते कागदावर लिहिले. माझे सात चुकले. पाच वेळा तिने दोन दिले आणि मला तीन लागले. दोर सैल पडला की प्रवाह तो पुन्हा ताणतो आणि एक हिसका पाण्याचाच येतो. मला वाटले, सुटलो, लाइल खरा. पण उरलेल्या दोन वेळा तिने तीन दिले होते आणि मला दोनच लागले. म्हणजे पाणी एखादा घालते, एखादा खातेही. काठावर बसून मी डोके खाजवत राहिलो. "काका, माझे ओठ काळेनिळे पडलेत, चला घरी," असे शॉना म्हणाली.

तरी लिहितो. मला तीन लागले. ते पाण्याने दिले की लाइलने, मला माहीत नाही. एकतीस वर्षे मी छाती ठोकून सांगितले ते मला माहीत नव्हते. टाकी असती तर आकड्याचा प्रश्नच आला नसता, आणि टाकी मी काढली. लाइल, मला माफ कर. तीन नंबरचा ड्रेजर लाइलला द्यावा.

कलम ६. हे टेबलाभोवती सगळे बसलेले असताना, सह्यांच्या आधी लिहीत आहे. एक साक्षीदार पोस्टातल्या विल्मा टॅकेट, त्या वेळेवर आल्या. दुसरा म्हणून गावात रिकामा फक्त बर्ल यान्सी सापडला. त्यापेक्षा मृत्युपत्राविना मेलेले बरे. शॉनाला घर मिळते, म्हणून तिची सही नको असे वकीलबाईंनी आधीच बजावले होते. शॉना उठून बाहेर गेली आणि बापाला घेऊन आली.

लाइल आला, उजवा कान माझ्याकडे येईल अशा बेताने खुर्ची फिरवून बसला. म्हणाला, "कुठे लिहिलंयस, दाखव."

दाखवले. त्याला चष्मा लागतो हे मला माहीत नव्हते. "'माहीत नाही' म्हणजे काय रे?"

"म्हणजे माहीत नाही."

"एकतीस वर्षं तीन तीन करून गावाचं डोकं खाल्लंस, थोरल्या."

"हो."

"आणि टाकी?"

"वर लिहिलंय. चौथं कलम बघ."

त्याने चौथे वाचले, मग पाचवे पुन्हा वाचले, बोट ठेवून. विल्माबाई छताकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "मला पोस्ट उघडायचंय. सही करणारा कोण आहे?"

"मी करतो," लाइल म्हणाला.

शॉना म्हणाली, "बाबा, तुम्हाला नाही चालणार. ड्रेजर तुम्हाला दिलाय. ज्याला मिळतं त्याने साक्षीला बसू नये."

लाइलने कागद माझ्यापुढे ठेवला. मग पेन माझ्याकडे सरकवले. "मग खोड ते."

"काय खोडू?"

"मला दिलेलं खोड. माफीचं राहू दे. साक्षीदाराला लिहायला जागा किती असते?"

मी म्हटले, "लागेल तेवढी घे." त्यानुसार पाचव्या कलमातील शेवटचे वाक्य रद्द करत आहे. ड्रेजर शॉनाला. तिने त्याचे काय करावे हे मला सुचत नाही.

सही: रॉइस एल्डन पर्सेल

साक्षीदार पहिल्या: विल्मा जे. टॅकेट. रॉइस यांनी माझ्यासमोर सही केली. बाकीचे मी ऐकले नाही असे समजावे.

साक्षीदार दुसरा: लाइल डीन पर्सेल, सख्खा भाऊ. रॉइसने माझ्यासमोर सही केली. तो शुद्धीवर आहे. गोंधळलेलाही आहे. साक्षीदाराने खरे तेच लिहायचे असते, म्हणून लिहितो. त्या दिवशी खाली सगळे गढूळ झाले होते, माझा हात दगडाखाली गेला होता आणि मी घाबरलो होतो. दोर मी ओढला, पण किती वेळा ते मोजले नाही. दोन हे मी वर आल्यावर म्हणालो.

स्थळ: ड्राय फोर्क. दिनांक: १२ ऑक्टोबर २०१७, गुरुवार.