मिस्त्रींचे राहिलेले रोजे

अब्बा,

तक्रार अशी आहे, की हलीमच्या डब्याचं झाकण उघडत नाही. काळा प्लास्टिकचा डबा, त्याचं झाकण कडेनं वितळवून चिकटवलेलं, वर सोनेरी पट्टी आणि पट्टीवर मुकुट. मगरिबची अजान झाली, खजूर खाऊन झाला, आणि मी पन्नाशीला टेकलेला माणूस कात्री, सुरी आणि शेवटी स्कूटरची चावी घेऊन त्या मुकुटाशी झुंजत होतो. दिवसभर उपाशी राहण्याचं काही वाटत नाही, पण समोर अन्न दिसत असताना प्लास्टिकपुढं हात टेकायचे, हा अन्याय कुणाच्या कानावर घालायचा? बायको हसण्यात गुंतली होती. म्हणून तुम्हाला लिहितोय. तुम्हाला जाऊन वीस वर्षं उलटून गेली, त्यामुळं माझं बोलणं मधेच तोडाल ही भीती उरलेली नाही.

विजापूर वेशीत आता रमजानभर हलीमचे स्टॉल लागतात आणि प्रत्येक फलकावर इतिहास असतो. एकाचं हलीम निजामाच्या खास मुदपाकखान्यातलं, दुसऱ्याचं मोगलांचं, तिसऱ्यानं थेट अरबस्तान गाठून शेजारी उंट काढलाय. उंट तेवढा खूश दिसतो. तुम्ही सांगायचात तो इतिहास आटोपशीर होता. अरबांच्या मुलखात गहू आणि गोश्त एकत्र शिजवून घोटायची रीत होती, निजामाच्या फौजेतल्या अरब शिपायांबरोबर ती हैदराबादेत आली, दख्खनच्या मसाल्यात आणि तुपात मुरली, आणि तिथून आपलं सोलापूर काय, एका गाडीचा प्रवास. "सिपायां का खाना है," तुम्ही म्हणायचात, "चबाने की फुरसत नै रहती थी उनको." चावावं न लागणारं अन्न, हा तुमचा दरवर्षीचा विनोद. पुढं तो विनोद राहिला नाही.

वर्षभर तुम्ही लूमच्या कारखान्यात मिस्त्री. रमजानात जुम्म्याच्या दिवशी मात्र रजा टाकून दारात देग चढवायचात आणि सगळ्या गल्लीला वाढायचात. भिजवलेले गहू, डाळी, गोश्त, खाली बाभळीचं लाकूड. एरवी चहाला उकळी यायच्या आत कपबशी आपटणारा माणूस त्या देगेपाशी सकाळपासून दिवस कलेपर्यंत बसून राहायचा, याचं मला अजून नवल वाटतं. दुपारी हाडं वेचून काढायची आणि समोरासमोर दोघांनी लाकडी घोटे घेऊन घोटायला लागायचं. गहू कुठं संपला आणि गोश्त कुठं सुरू झालं हे सांगता येता कामा नये, तोवर थांबायचं नाही. हलीमची सगळी गंमत त्यातच आहे. घाईत केलं की ती खिचडी होते, मग वर मुकुट लावावा लागतो.

अडचण एकच असायची. तुमचा रोजा, मग मीठ कोण चाखणार? तुम्ही शेजारी हाक मारायचात, "अण्णा, जरा ज़बान दो." तेलुगू विणकर अण्णा माग थांबवून यायचे, पळीतलं थोडं तळहातावर घेऊन चाटायचे आणि डोळे मिटून उभे राहायचे.

"मीठ कमी हाय मिस्त्री."

"कितना?"

"एक मूठ. तुमची न्हाय, वैनीची."

मग अम्मी आतून येऊन तिच्या मुठीनं मीठ टाकायची आणि तुम्ही म्हणायचात, या घरात माझ्या मुठीला किंमतच नाही.

त्या वर्षी रमजान आणि दिवाळी लागून आली होती आणि तुमच्या अन्ननलिकेत गाठ होती. डॉक्टरांनी बजावलं होतं तरी पहिले रोजे तुम्ही धरलेत आणि नमाजाआधी वजूला हातपाय धुताना नळापाशी कोसळलात. मौलानासाहेब घरी आले, खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, बीमारावर रोजा नाही. "अच्छे हो जाएँगे तो बाद में कज़ा रख लेना. और अगर..." तिथं ते थांबले. पुढचं त्यांनी मला दाराबाहेर सांगितलं. बरं होणारा माणूस सुटलेले रोजे नंतर भरून काढतो, ती कज़ा. बरं होण्याची आशाच नसेल, तर एकेका रोज्यापाठीमागं एका गरिबाला जेवू घालायचं, तो फिदया. आमच्यामागं अम्मी कधी येऊन उभी राहिली, कळलं नाही. "अगर-बिगर कुछ नै," ती मौलानांना म्हणाली, "कज़ा रखेंगे इनों." फिदया द्यायचा म्हणजे तुम्ही जाणार यावर घरच्यांनीच सही करायची. ती करणार नव्हती.

तुम्हीही नाही. अम्मी पातळ पेज मलमलच्या फडक्यातून गाळायची आणि तुम्ही मागच्या खोलीत दार लावून ती घ्यायचात, चोरी केल्यासारखी. गल्लीत कुणाला ठाऊक नव्हतं? तरी शेवटच्या जुम्म्याला तुम्ही देग चढवायला लावलीत. मी आणि चुलतभाऊ घोटतोय, तुम्ही चादर गुंडाळून खुर्चीत, हाताच्या खुणेनं आमची लायकी काढताय. मग नेहमीची हाक जाते. अण्णा दिवाळीचा चुना मारत होते, तसेच आले, कोपरापर्यंत पांढरे. पळी हातात घेतली, तुमच्याकडं पाहिलं, आणि अगदी मायेनं म्हणाले, "मिस्त्री, औंदा तुमीच चाखा की. आता तुमाला चालतंय."

आमचे घोटे थांबले.

"मेरा रोज़ा है, अण्णा," तुम्ही म्हणालात.

अण्णांनी मान खाली घातली. पळी तोंडाला लावली, नेहमीपेक्षा जास्त वेळ डोळे मिटले, आणि म्हणाले, "बरोबर हाय. काय बी घालू नका." असं म्हणून ते घरात गेले, चुन्याची बादली आमच्याच दारात विसरून.

हलीम अळणी होतं, अब्बा. तुम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून आज सांगतो. अण्णांना त्या वेळी कशाचीही चव लागली नसणार. नळाच्या पाण्यावरून ज्या गल्लीत डोकी फुटतात, त्या अख्ख्या गल्लीनं ते अळणी हलीम वाट्या चाटून संपवलं आणि एकानंही मीठ मागितलं नाही. उलट दोघं-तिघं पुन्हा वाढून घ्यायला आले, तुम्हाला दिसेल असे.

ईद झाली. "अगले हफ्ते से कज़ा शुरू करता हूँ," तुम्ही म्हणालात. पुढच्या आठवड्यातही तेच म्हणालात. बकरी ईदच्या आधी तुम्ही गेलात, आणि रोजे राहिले.

काही वर्षांनी मी अम्मीला म्हणालो, अब्बांचा फिदया देऊन टाकू या. ती मेथी निवडत होती. जकातीचा, गरिबांच्या हक्काचा पैसा घरात रात्रभर राहू न देणारी बाई, पण वर न बघता म्हणाली, "देना है तो मेरे मरे बाद दे." मी पुन्हा विषय काढला नाही. तिच्या हिशोबात तुम्ही अजून बरे होणार होतात आणि तेवढी एक जागा तिनं राखून ठेवली होती. गेल्या पावसाळ्यात तीही गेली. आता नाही म्हणणारं कुणी राहिलं नाही. मला वाटलं होतं, त्यानं सोपं होईल.

तुमचे नक्की किती रोजे सुटले, ते अम्मीनं कधी मोजू दिलं नाही. म्हणून मी अख्खा महिना धरलाय. धरलेल्या रोज्यांचाही फिदया देतोय म्हणून चिडाल, तर चिडा. मशिदीच्या पायऱ्यांवर एक म्हातारा बसतो, माग बंद पडल्यापासून. आज असरच्या नमाजानंतर, रोजा सुटायच्या आधी, त्याच्यासाठी घरच्या स्टीलच्या डब्यात हलीम आणि रोटी घेऊन गेलो. त्यानं विचारलं, "किसके नाम का है?" मी म्हटलं, "अब्बा का." आपल्या घरातून फिदया निघाला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, तेव्हा शेवटचंही लिहून टाकतो. म्हाताऱ्यानं दोन्ही हातांनी डबा धरला आणि ओढला, तरी माझ्या हातून तो सुटेना. दुसऱ्यांदा ओढला, तरी नाही. त्यानं माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"छोड़ो, बाबा," तो म्हणाला.

मग सोडला.