पॉवर हॅमर आणि राजेश्वरीची भिंत

२ मार्च
हॅमर आला! इंग्लंडात बनलेला, पट्ट्यावर चालणारा, आबांपेक्षाही म्हातारा खराखुरा पॉवर हॅमर. भंगारवाला चक्क वजनावर विकत होता. इतकी अडाणी माणसं असतात. मी वजनावरच घेतला.

शेजारच्या इर्शादभाऊंनी त्यांच्या वावरातून क्रेन येऊ दिली. शेजारी असावा तर असा. हॅमर स्वयंपाकघराच्या मागे उतरवला. आबा चारी बाजूंनी फिरले आणि विचारलं, ह्यो दळतोय का ठोकतोय? म्हटलं, तापलेलं लोखंड ठोकतो. तर म्हणाले, आपल्यात कोण लोहार व्हतं रं? वडिलांचं आता वय झालंय.

कंपनीत क्वालिटी डिपार्टमेंटला जन्म गेला, दुसऱ्यांनी बनवलेले जॉब रिजेक्ट करण्यात. आता स्वतःचे करणार. लोणावळ्याच्या बंगल्यांना घडीव गेटं, घडीव ग्रिल. व्हीआरएसचे पैसे अशाच कामाला लावायचे असतात. माझी बायको राजेश्वरी ऐकून भांडी घासायला आत गेली. आनंद लपवायला गेली असणार.

९ मार्च
यूट्यूबवरचा एक म्हातारा गोरा सांगतो, हॅमरखाली खोल खड्डा घ्या, काँक्रीट भरा, वर जाड लाकडं घाला, म्हणजे धक्का जिरतो. त्याच्याकडे माती असेल. इथे हातभर खणलं की काळा कातळ. थेट कातळावर बोल्ट मारले. हाच कातळ आमच्या घराखालून, इर्शादभाऊंच्या घराखालून पार ओढ्यापर्यंत जातो. केवढा मोठा पाया, तोही फुकट!

१९ मार्च
हॅमरभोवती शेड पुरी झाली. काँक्रीटचे खांब, स्वयंपाकघराच्या भिंतीला जोडून. दार लहान ठेवलं. हॅमर थोडाच बाहेर जाणार आहे.

२३ मार्च, दुपार
उद्घाटन. नारळ फोडला, मोटर लावली, पेडलवर पाय ठेवला. धाड! काय आवाज! आमच्या फळीवरची सगळी पातेली खाली. इर्शादभाऊंकडेही हुमेरावहिनींचा कपांचा सेट गेला. दोन्ही घरांनी फळ्या चुकीच्या ठोकल्यात, हे त्यानिमित्ताने कळलं.

पहिला जॉब कोयता. पाय जरा जोरात पडला आणि पट्टीचा पापड झाला. सवयीने ‘रिजेक्ट’ लिहून ऑपरेटरचं नाव विचारणार होतो.

४ एप्रिल
राजेश्वरीने स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला गेलेली फट दाखवली. म्हटलं, जुनी आहे. ती म्हणाली, ही भिंत मी घातलीय, मला नका शिकवू. तेही खरंच. मळवलीच्या बंगल्यांत झाडलोट करून तिने पैसे जमवले, कुडाची भिंत काढून विटांची घातली. विटाही स्वतः वाहिल्या. पण क्वालिटीत भावना चालत नाही, पुरावा लागतो. फटीवर कागदाची पट्टी डकवली, तारीख घालून सही केली. फट वाढली तर कागद फाटेल. शास्त्रीय पद्धत आहे.

६ एप्रिल
कागद फाटला. रद्दीतला होता.

१३ एप्रिल
लग्नपत्रिकेचा जाड कागद लावला होता, तोही फाटला. हल्ली लोक पत्रिकांवरसुद्धा खर्च करत नाहीत.

२० एप्रिल
कागद बाद. वायरिंगची काळी टेप लावली. आठवडाभर हॅमर चालवला, टेप फाटली नाही. नुसती ताणली गेली. म्हणजे फट थांबली हे सिद्ध झालं. राजेश्वरीला बोलावून दाखवलं. तिने टेपकडे पाहिलं, मग बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. पटलं असावं.

३ मे
राजेश्वरी भावाकडे शिरगावला गेली. हवापालट. जाताना म्हणाली, हॅमर गेला की कळवा, मग येते. माणूस रागात बोलतो. कपडे नेले, पिठाचा डबा नेला आणि देव्हाऱ्यातले देव नेले. उजळायला नेले असतील. आबा म्हणाले, बाईनं देव नेलं म्हंजी काय ते कळतंय का तुला? म्हटलं, कळतंय. आणि मोटरला ऑइल द्यायला गेलो.

११ मे
एका बंगल्याच्या साहेबांना गेटच्या सळ्यांचा नमुना दाखवला. एकही सरळ नाही, पण तीच तर खरी खूण. म्हटलं, हँडमेड आहे साहेब. ते म्हणाले, हँड कुणाचा? आणि आत गेले. पुण्या-मुंबईच्या लोकांची चव बिघडली आहे.

२५ मे
इर्शादभाऊ वावराच्या कडेने काँक्रीटची भिंत घालतायत. मला विचारलंही नाही. रामराम घालतात, पण लांबून. हुमेरावहिनी आता स्टीलच्या पेल्यातून चहा पितात म्हणे. जाऊ दे, भिंतीने आवाज तरी अडेल.

१ जून
हॅमर सध्या बंद. मेंटेनन्स. आबा जेवायला इर्शादभाऊंकडे जातात. माझी खिचडी चांगली होते, पण आबांना गप्पा लागतात.

संध्याकाळी दिवा लावला आणि देव्हाऱ्यापाशी गेलो. समोर कुणीच नाही. रिकाम्या देव्हाऱ्यापुढे दिवा कसा ठेवायचा? हातात घेऊन तसाच उभा राहिलो. फार वाईट वाटलं. ती नाही तर घर खायला उठतं. टेप सोलून पाहिली, फटीत अख्खा पंजा गेला. पलीकडचा हॅमर दिसतो. चला, आता बसल्या जागेवरून लक्ष ठेवता येईल.

८ जून
निर्णय झाला, हॅमर विकायचा. हा पराभव नाही, स्ट्रॅटेजी आहे. भंगारवाला न्यायला तयार आहे, अर्थात वजनावर.

क्रेनवाला बघून गेला. म्हणाला, आत आणला कुटनं? म्हटलं, वावरातून. तिथे आता इर्शादभाऊंची भिंत. शेडच्या मागे आणि दुसऱ्या बाजूला डोंगराची कड. तो म्हणाला, मग रस्त्याकडनंच वढावा लागंल, मधी काय हाय? मधे आमचं स्वयंपाकघर. त्याची पुढची बाजू पडवीकडे उघडीच आहे. म्हणजे अडथळा एकच, राजेश्वरीची भिंत.

इर्शादभाऊंकडे गेलो. म्हटलं, तुमची भिंत एका बाजूने उघडाल का? ते म्हणाले, कैलासभाऊ, ती तुमच्यामुळंच घातलीय. चहा मात्र पाजला. स्टीलच्या पेल्यातून.

९ जून
राजेश्वरीला फोन. वाक्यं पाठ केली होती. हॅमर जातोय, फक्त एक छोटा टेक्निकल मुद्दा आहे, तुझी भिंत पाडावी लागेल. फोन कट झाला. रेंज गेली असेल म्हणून पुन्हा लावला, पुन्हा कट. रेंज होती.

१५ जून
राजेश्वरी आली! येतानाच सीताराम गवंड्याला घेऊन आली. त्याने फटीत हात घातला आणि म्हणाला, वैनी, पाडा, न्हाईतर पडंल. छताला लोखंडी टेकू दिले. मग तिने त्याच्या हातातला घण घेतला. म्हटलं, दे इकडे, मी पाडतो. ती म्हणाली, घातली मी, पाडीन मीच.

पहिला घाव तिने घातला. विटा पडताना थांबली, एक वीट उचलली, पुसली आणि बाजूला ठेवली. मग पुन्हा घण. मला रडू आलं. धूळ फार होती.

भिंतीबरोबर ओटाही गेला. संध्याकाळी क्रेनवाल्याचा फोन, गाडी चिखलात रुतंल, आता दिवाळीनंतरच.

२२ जून
स्वयंपाकघर आणि शेड आता एकच खोली. मधोमध हॅमर. टेकूंच्या मधून पाणी गळतं, त्याखाली बादल्या. राजेश्वरीने आधी देव परत बसवले, दिवा लावला. मग विळी घेतली आणि हॅमरचा पट्टा कापून टाकला. मी तुकडे गोळा केले. ती म्हणाली, घर माझं हाय म्हणून आलेय, तुमच्यासाठी न्हाई. म्हटलं, बरं.

ओटा नाही, म्हणून तिने हॅमरची ऐरण घासून धुतली. तिच्यावर परात ठेवली आणि भाकऱ्या थापल्या. आबा घरी जेवले. इर्शादभाऊंकडे भाकऱ्या मीच पोचवल्या, हुमेरावहिनींनी ठेवून घेतल्या. जेवताना राजेश्वरीने न विचारता माझ्या ताटात आणखी एक वाढली.

हॅमरवरचं पहिलं प्रॉडक्शन. एकही रिजेक्ट नाही.