ट्रॅक्टरचा खांदा

२१ ऑगस्ट
उद्या पोळा, आज खांदशेकणी, बैलांचे खांदे लोणी-हळदीनं शेकायचा दिवस. आणि गोठा रिकामा. आमच्या ह्यांनी उन्हाळ्यात बैलजोडी विकली, स्वतःच्या बापाला, म्हणजे मामाजींना न विचारता. मामाजींनी सकाळी रिकामाच गोठा झाडला. दिवस कलल्यावर पळसाची पानं, लोणी, हळद घेऊन निघाले ते थेट ट्रॅक्टरकडे. मी पंख्याचा पट्टा बदलत होते.
"बाई, याचा खांदा कुठी रायते?"
हसू आलं, पण त्यांचं तोंड पाहून गिळलं. मागचे लिफ्टचे दोन हात दाखवले. म्हटलं, रोटाव्हेटर असो का नांगर, सारं ओझं हेच उचलतात.
"अन् याइले ताकद कोन देते?"
"सीटखालच्या झाकणात तेल असते मामाजी. त्या तेलाची ताकद."
मान डोलावली आणि लिफ्टचे हात चोळायला लागले, खरोखरच्या बैलाचा खांदा चोळतात तसे. पुरणाची डाळ निवडायची होती, मी आत आले. मागून ऐकू येत होतं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

२२ ऑगस्ट
तोरणाखाली बैलांच्या रांगेत आमचा एक ट्रॅ. पोट्टे ओरडले, भाऊचा बैल डिझेल पेते! मामाजींनी मान वर केली नाही. चौरंगी झूल त्यांनी बॉनेटवर घातली होती, तीच बैलाची. ती सरळ केली आणि घरी निघाले.

२१ ऑक्टोबर
दिवाळीला हे आले. गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात असतात, महिन्यातून एकदा पाहुण्यासारखे येतात. ताट उचलायच्या आधीच विषय काढला: छोटा देऊन मोठा ट्रॅक्टर घ्यायचा. सोबत ट्रॉली. रेती, विटा, जे मिळेल ते वाहायचं.
"चालवन कोन?" मी.
"ड्रायव्हर ठेवू. नाई त मी येतो घरी."
"मंग मी?"
"तुले आराम."
आराम! हा ट्रॅ. आला तेव्हा ह्यांनी दोन हंगाम चालवला आणि नोकरीवर गेले. पुढचं सगळं माझं. क्लच प्लेट, पुढच्या एक्सलचे बुश, रेडिएटरची गळती, डिझेलमधलं पाणी. आमच्या गावच्या बांध्या, शेताचे तुकडे, एवढ्याशा. मोठा ट्रॅक्टर आत शिरला की कडेचा मातीचा धुरा फोडूनच बाहेर येतो. म्हणून शेवंताबाई, तिची जाऊ, वरच्या टोलीवाल्या, सगळ्या बाया मलाच बोलावतात. "ट्रॅक्टरवाली" म्हणतात. माहेरचं नाव गेलं, सासरचं कोणी घेत नाही. हे एक नाव मी स्वतः कमावलं.
ह्यांना कळेल? सोडा.
खोकतात मात्र फार. "धूळ खाऊन कंटाळलो, मले बी घरी या वाटते," म्हणाले. त्यांचंही खोटं नाही, म्हणून जास्त राग येतो.

१४ नोव्हेंबर
थंडी पडली. सकाळी शेवंताबाईच्या बांधीत हरभऱ्यासाठी रोटाव्हेटर नेला. इंजिन ठीक, गिअर ठीक, पण लिफ्ट उचलेना. लिव्हर वर केला, खाली केला, हात हलत नाहीत. शेवंताबाई धुऱ्यावर बियाणं घेऊन बसलेली. ऊन चढलं आणि आपोआप उचलायला लागला. काय रोग आहे हा?

१६ नोव्हें.
तेच. सकाळी मेल्यासारखा, दुपारी पैलवान. तेलाची पातळी बरोबर आहे, उलट काडीवर थोडी जास्तच दिसते. मी तर टाकलं नाही.

१९ नोव्हें.
चिमूरहून मिस्त्री आला. ट्रॅ. माझा, बिघाड मी सांगते, आणि हा मामाजींकडे बघून बोलतो. "भाऊ, बाईमानूस लिव्हरले झटके देते, रिंग गेली." मामाजी म्हणाले, "मले काय विचारतेस, तिले विचार." मिस्त्रीनं विचारलं नाही. लिफ्टची रिंग बदलली, चहा पिऊन गेला. दुपार होती, लिफ्ट चालत होतीच, त्याला काय!

२० नोव्हें.
सकाळी परत बंद.

२३ नोव्हें., रवि.
हे एजंटला घेऊन आले. जुना ट्रॅ. घेऊन नवा देणाऱ्याचा माणूस. सकाळी सकाळी. लिफ्ट उचलली नाही. एजंट हात झटकत म्हणाला, "इंजिन कसंबी चालते भाऊ, पन लिफ्ट बंद असन त मी नाई घेत. पुढं कोन्ही घेत नाई."
तो गेल्यावर ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. "बाईच्या हातात मशीन देल्ली, हे असंच होनार होतं." शेजारीपाजारी ऐकतील इतक्या जोरात. मी भाकरी थापत राहिले. एक जळाली, ती ह्यांनाच वाढली.
मामाजी ओसरीवरून म्हणाले, "तिच्या हातानं नाई बिघडत." त्यांच्यावर पण ओरडले, "बाबा, तुमी चूप रावा. परवा मोटार चालू ठेवून झोपले, आता कायलेच हात नका लावू."
मामाजी उठून रिकाम्या गोठ्यात जाऊन बसले.

२६ नोव्हें.
आज स्वतः खोलला. खाली परात लावून तेलाची जाळी काढली. जाळीला पिवळट, तुपासारखा थर. बोटावर घेतला, उन्हात धरला तर वितळला. वास घेतला.
टोळीचं तेल. मोहाच्या बियांचं. थंडीत गोठतं, उन्हात पातळ होतं. या घरात ते एकच माणूस वापरतो. जन्मभर बैलगाडीच्या आखाला त्यानं याच तेलाचं वंगण दिलं, खांदशेकणीला बैलालाही तेच चोळलं.
मी सीटखालचं झाकण दाखवलं, आणि मी आत गेल्यावर म्हाताऱ्यानं ताकद पाजली!
असा संताप आला. दोन आठवडे बायांची शेतं अडली, मिस्त्रीनं मला येडी ठरवलं, नवऱ्यानं गावासमोर लाज काढली. पाना हातात घेऊन ओसरीवर गेले. मामाजी उन्हात बसून बैलाच्या घागरमाळेला चिंच लावून घासत होते. बैल नाहीत, घागरमाळ चकचकीत.
"काय निंगलं बाई?"
"कचरा."
"तरी म्हनत होतो, तुया हातानं नाई बिघडत."
परत येऊन परातीपुढे बसले आणि रडले. कोणासाठी ते ठाऊक नाही.
ह्यांना सांगितलं तर माझा डाग धुऊन निघेल. आणि मामाजींना अंगणातसुद्धा मोकळं फिरू देणार नाहीत. छान सोय आहे.

२८ नोव्हें.
सगळं तेल काढलं, डिझेलनं आतून धुतलं, नवं भरलं. पहाटेचं दव असताना लिव्हर वर केला. उचलला! शेवंताबाईची बांधी करून दिली. उशीर झाला तिला, पण बोलली नाही काही, उलट वालाच्या शेंगा दिल्या.

३० नोव्हें.
फोनवर ह्यांना सांगितलं, लिफ्ट ठीक झाली. वाटलं होतं, म्हणतील शाब्बास.
"बरं झालं! आता एजंट घेते. शनिवारी येतो, रविवारी सकाळीच त्याले बलावतो."
मी दुरुस्त केला म्हणून विकला जाणार. बिघडलेला होता तोवर माझा होता. आपल्याच पायावर धोंडा, दुसरं काय.

६ डिसेंबर, शनि.
हे आले. एजंट उद्या दिवस निघताच येणार, त्याला पुढे वरोऱ्याला जायचं आहे. हे खुशीत. नव्याच्या बॉनेटवर काय लिहायचं ते विचारत होते. मी म्हटलं, काय वाट्टेल ते लिहा. बोलून पाहिलं, एकदा नाही तीनदा. "तुया भल्यासाठीच करून राह्यलो" असं म्हणून न्हाणीत गेले.
मी ट्रॅ. धुवायला गेले. विकायचा तर स्वच्छ द्यावा. सांज झाली होती, गार वारा सुटला होता. मामाजी आले, हातात जर्मनचा गंज, त्या पातेल्यातून वाफ निघत होती. चुलीवर गरम करून आणलं होतं. वासानंच कळलं.
"उद्या नेऊन राह्यले ना याले?"
"हो."
"बैलं नेली तवा मले कोन्ही सांगतलं बी नाई. मी वावरात होतो. खांद न शेकता गेली बिचारी." गंज खाली ठेवला. "याले तसं नाई जाऊ देत. पोळ्याले पाजलं होतं मी, तुले नाई मालूम. कसा चालला पावसाळाभर!"
मी पुसायचं फडकं पिळलं. बोलायला हवं होतं. मामाजी, हे गोठते, सकाळी लिफ्ट उचलत नाही याच्यानं. एवढंच तर वाक्य.
न्हाणीतून ह्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं.
त्यांना सीटखालचं झाकण फिरवायला जमत नव्हतं. या वेळी मी घट्ट बसवलं होतं. "बाई, जरा खोलून दे व."
खोलून दिलं. गंजही मीच धरला, सांडू नये म्हणून.
त्यांनी लिफ्टच्या दोन्ही हातांवरून हात फिरवला आणि म्हणाले तेच, दर वर्षी बैलांना म्हणायचे ते. उद्या जेवाले या.
जाळी काढून धुणं मला आता येतं. एक दिवसाचं काम आहे. पण उद्या दिवस निघताना थंडी किती राहील, काही सांगता येत नाही. आता तर बोटं आखडलीत लिहिताना.
हे उद्या म्हणतील, बाईच्या हातानं बिघडला. म्हणू देत. या वेळी खरं बोलतील.